चुलीवरचे टायर

आमच्या घरात मोटारसायकल एक होती आणि टायरच्या जोड्या दोन. एक जोडी रस्त्यावर झिजायची आणि दुसरी स्वयंपाकघरात चुलीच्या वर, वाशाला टांगलेली असायची. पावसाळ्यात आमच्याकडे जे जपायचं ते चुलीच्या वर जातं, कारण बाकी सगळ्या घराला ओल धरते. तिथे सुकटीची पिशवी असायची, आमसोलांचं मडकं असायचं, काकडी-पडवळाचं बी राखेत घोळून ठेवलेलं असायचं आणि त्यांच्या शेजारी गोणपाटात गुंडाळलेले ते दोन टायर. भाकरी थापताना मान वर केली की मला देवाआधी टायर दिसतात, असं आई म्हणायची. म्हणताना ती हसायची नाही.

गाडी आमची नव्हती. ती तात्याकाकांची होती. तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मुंबईत एका कंपनीत मुकादम. शिमगा आणि गणपती अशा दोन वेळा ते गावी यायचे आणि आले की घराला घरपण येतं असं त्यांना स्वतःला वाटायचं. एका शिमग्याला ते मोटारसायकल घेऊन आले, आठ दिवस वाडीत फिरवली आणि जाताना पडवीत लावून बाबांना म्हणाले, वापर तुला, पडून राहण्यापेक्षा बरी. बाबा तेव्हा सायकलवरून पाव विकायचे. लांज्याच्या बेकरीतून पहाटे पाव, बटर, खारी, नानकटाई घ्यायची, पत्र्याच्या पेटीत भरायची आणि आतल्या वाड्यावाड्यांतून रबरी भोंगा वाजवत हिंडायचं. गाडी मिळाल्यावर तीच पेटी मागच्या सीटवर दोरीने आवळली गेली आणि बाबांच्या वाटेवर अजून तीन-चार वाड्या आल्या. आम्हाला दिवसातून दोनदा घरात पाव मिळायला लागले. विकले न गेलेले शिळे पाव आई कांदा-मिरची घालून फोडणीला टाकायची, त्यावर ओलं खोबरं, आणि बरोबर गुळाचा काळा चहा. त्या वासाची भूक मला अजून लागते.

पहिल्याच गणपतीला तात्या आले, पडवीत चपला काढायच्या आधी गाडीपाशी उकिडवे बसले आणि मागच्या टायरवरून बोटं फिरवली. टायर मधोमध गुळगुळीत झाला होता. घरात आरतीला जमलेली वाडी होती. सगळ्यांच्या समोर ते बाबांना म्हणाले, "सदा, गाडी वापरायला दिली होती, खायला नाही." लोक हसले. बाबाही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. आईने आरतीचं ताट जरा जास्तच जोरात खाली ठेवलं, तेवढंच.

पुढच्या शिमग्याला तात्यांनी एसटीच्या टपावर बांधून दोन कोरे टायर आणले, बाबांसमोर टाकले आणि हे टिकले पाहिजेत एवढंच म्हणाले. तात्या परत गेल्यावर बाबांनी दुसऱ्या दिवशी ते टायर काढून ठेवले आणि लांज्यातून रिमोल्डची जोडी आणली. रिमोल्ड म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी रबरी पट्टी चढवलेला टायर, स्वस्तातला. वर्षभर पावांची पेटी रिमोल्डवर हिंडायची. तात्या यायच्या आदल्या दिवशी चुलीवरची जोडी खाली उतरायची, पुसायची, चढवायची. तात्या गेले की परत वर. मीटरची वायर बाबांनी कधीच काढून टाकली होती, त्यामुळे गाडी किती धावली हे गाडीलाही माहीत नव्हतं. तात्या दर वेळी बोटं फिरवायचे, खाचा शाबूत बघायचे आणि वाडीला सांगायचे की बघा, लक्ष दिलं की वस्तू टिकते, माझ्या एका बोलण्याने सदा सुधारला. वाडीतल्या अर्ध्या लोकांना खरी गोष्ट माहीत होती. तेही माना डोलवायचे.

आता कुणी म्हणेल, एवढं मिंधेपण कशासाठी. नुसत्या गाडीसाठी बाबांनी ते केलं नसतं, एवढं त्यांच्या बाजूने बोलते. माझा थोरला भाऊ विलास, म्हणजे आमचा दादा, मॅट्रिक झाला होता आणि तात्यांनी शब्द दिला होता की त्याला कंपनीत चिकटवतो. यंदा नाही पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी नाही त्याच्या पुढच्या, असं करत तो शब्द आमच्या घरात जेवणाच्या पानाइतका रोजचा झाला होता. दादा तोवर बाबांबरोबर पाव विकायचा आणि संध्याकाळी गाडी धुवायचा. तात्या नाराज होतील असं काही आमच्या घरात घडत नसे. आम्ही खोकायचं तेसुद्धा तात्या झोपले नसताना.

टायर कसा झिजतो हे बाबांना पक्कं कळत असे. त्यांनी आम्हा दोघांना ते शिकवलंही, कारण आम्हाला शिकवण्यासारखं दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतं. मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर जातो, ओझं त्याच्यावर आणि साखळीची ओढही त्याच्यावर. हवा जास्त झाली की टायर मधोमध खरवडतो, कमी झाली की दोन्ही कडा जातात. उतारावर एकसारखा ब्रेक दाबला की टायर नाही, आयुष्य झिजतं, असं ते म्हणायचे. आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत कातळावरची वाट होती आणि मध्ये चिरेखाण. ट्रकांनी चिऱ्यांचे तुकडे सांडून ठेवलेले असायचे, जांभ्याची ती धार रबर सोलून काढायची. म्हणून बाबा तेवढ्या वाटेवर गाडीवरून उतरायचे आणि पेटीसकट गाडी ढकलत न्यायचे. उन्हाळ्यात डांबर मऊ झालेलं असलं की सावली बघून थांबायचे. संध्याकाळी टायरच्या खाचांत अडकलेले खडे छत्रीच्या काडीने काढायचं काम माझ्याकडे असे. एवढी काळजी रिमोल्डला मिळायची. माणसांच्या वाट्याला तिच्यातली निम्मी आली असती तरी चाललं असतं.

परवा माझ्या मुलीच्या स्कूटरचा टायर बदलायला आम्ही रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात गेलो होतो. टायरला खाचा चांगल्या होत्या, मुलगी म्हणाली, अजून चालेल की. दुकानदाराने कडेला दाबून छापलेले आकडे दाखवले. ते बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात म्हणे. गाडी चालवा नाहीतर झाकून ठेवा, तो म्हणाला, रबर आपलं आपण म्हातारं होत असतं, आणि उष्णता लागली की लवकर. कडक झालं की ओल्या रस्त्यावर धरत नाही. त्याने ते सहज सांगितलं आणि पान्याकडे वळला. मी तिथल्या स्टुलावर बसले ती बराच वेळ उठले नाही. मुलीला वाटलं मला चक्कर आली.

बाबांच्या काळी टायरवरचे आकडे कुणी वाचत नव्हतं, हे मला मान्य आहे. न वापरलेली वस्तू म्हणजे नवी वस्तू, हीच सगळ्यांची समजूत. बियाणं चुलीवर टिकतं, सुकट टिकते, मग टायर का नाही टिकणार. पण बाबांना आकड्यांची गरज नव्हती. त्यांना अंगठ्याचं नख होतं.

त्या वर्षी तात्यांचं पत्र आलं होतं की या गणपतीला विलासचे कपडे तयार ठेवा, जाताना बरोबर नेतो. दादाची ट्रंक भरून पडवीत ठेवलेली होती. आईने लाडू करून वर नारळाच्या वड्या केल्या होत्या. तात्या यायच्या आदल्या दिवशी बाबांनी टायर खाली उतरवले. तीन-चार वर्षांचा धूर खाल्लेले ते टायर, वर काजळी, कडेला बारीक भेगा, कातळाला उन्हाळ्यात पडतात तशा. बाबांनी अंगठ्याचं नख रबरात दाबलं. रिमोल्डवर नख दाबलं की खूण उमटून हळूहळू भरून यायची, हे मी रोज बघत होते. इथे खूण उमटलीच नाही. त्यांनी दुसऱ्या जागी दाबून बघितलं, मग तिसऱ्या. मग आईकडून खोबरेल तेल मागून घेतलं, त्यात काजळी कालवली आणि कापडाने टायर चोळायला बसले. थोड्या वेळात टायर दुकानातल्यासारखे चमकायला लागले.

आई मागच्या दारात नारळ सोलत होती. ती म्हणाली, "त्येचा लाकूड झालाय. पावसात कसा चालंल?"

"चार दिवस तर काढायचे हायत," बाबा म्हणाले, "तात्या काय रोज बसत नाय गाडीवर."

तात्या आले, बोटं फिरवली, खूश झाले. गणपती झाला, गौरी आल्या, भजनं झाली, घावन-घाटलं झालं. आमचा गणपती गौरीबरोबर जायचा. विसर्जनानंतरच्या दिवशी सगळ्या वाडीला मासे आठवतात, तसे तात्यांनाही आठवले. सकाळी चहा पिताना त्यांनी दादाला सांगितलं, गाडी काढ आणि पूर्णगडाहून होडीवरची मासळी घेऊन ये. बाहेर झिमझिम चालू होती. रस्ता शेवाळलेला, त्यावर गणपतीच्या गाड्यांनी आणलेला लाल चिखल. बाबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, लांज्यात मिळेल की मासळी. तात्या म्हणाले, लांज्यातली बर्फातली खायची तर मुंबई काय वाईट होती. दादाने बाबांकडे बघितलं. दादालाही टायर माहीत होते, पण ते किती मेलेत हे माहीत नव्हतं, त्या नखाच्या वेळी तो देवळात ठेवलेलं मखर आणायला गेला होता. त्याचं ते बघणं एवढंच विचारत होतं की जाऊ ना. बाबांनी बशी परत उचलली. सावकाश जा रे, एवढं ते बशीत बघून म्हणाले. आई दाराआड उभी होती. थोरल्या दिरासमोर ती बोलत नसे. तिने माझा दंड एवढ्या जोरात धरला की बोटांचे वळ उठले.

दुपारी लांज्याच्या बेकरीत फोन आला आणि तिथला माणूस सायकल मारत निरोप घेऊन आला. पूर्णगडाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी घसरली, मागचं चाक बाजूला गेलं, गाडी दादाच्या पायावर पडून त्याला खालपर्यंत फरफटत घेऊन गेली. तिथल्या एका मुसलमान मासळीवाल्याने त्याला आपल्या टेम्पोत घालून रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तो मासळीवाला अजून तिथेच होता, टेम्पोतला माल तसाच सोडून. दादाच्या पायाखाली त्याने स्वतःची कोरडी लुंगी घडी करून ठेवली होती. आईने त्याच्यापुढे हात जोडले, तर तो म्हणाला, "जोडू नको बाय, माझाबी पोरगा ह्याच्याच वयाचा हाय." त्या दिवशी भेटलेल्या माणसांतला तो एकच माणूस मला माणूस म्हणून आठवतो.

घोट्याचा चुरा झाला होता. पाय वाचेल पण सांधा कायमचा आखडणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. तात्या आमच्याबरोबर आले नाहीत. ते आधी गाडी बघायला गेले. संध्याकाळी वॉर्डात आले ते चिखलाच्या बुटांनी, आणि खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, शेजारच्या खाटांनाही ऐकू जाईल असं बोलले. टायर त्यांनी स्वतः तपासले होते. खाचा एक बोट खोल. ब्रेक ठीक. मग गाडी पडते कशी? पोरांना वेगाचा माज असतो, दुसरं काय. ते विचारत नव्हते, निकाल देत होते.

मी बाबांकडे बघत होते. आईही बघत होती. बाबा दादाच्या उशाशी बसले होते, हातात पाण्याचा पेला. खरं एका वाक्याचं होतं. टायर जुने आहेत, चुलीवर करपलेले आहेत, तुम्हाला दाखवायला चढवले होते. ते वाक्य बोललं असतं तर गाडी गेली असती, पावांचा धंदा सायकलवर आला असता, तात्यांनी जन्मभर तोंड बघितलं नसतं. बाबांनी पेल्यातलं पाणी हलवलं. ओठही हलले बहुधा, मला तसं वाटलं. दादा बाबांच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने मान तात्यांकडे वळवली आणि म्हणाला, "माझाच चुकला, तात्या. मी जोरात व्हतो."

बाबांनी पेला स्टुलावर ठेवला. त्यांच्या खांद्यांतला ताण गेलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. तात्या म्हणाले, खरं बोललास हे बरं केलंस, पण असला धसमुसळा पोरगा मी मशिनीवर कसा उभा करू, माझी मान जाईल. पाय बरा झाला तरी नाही. बाबांनी त्यालाही मान हलवली, म्हणजे होकारार्थी. दोन दिवसांनी तात्या मुंबईला गेले. दादाची ट्रंक पडवीतच राहिली आणि लाडवांना मुंग्या लागल्या.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा बाबांनी ते टायर काढले, पुसले आणि परत चुलीच्या वर टांगले. हे मी कुणाला सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. दादा आतल्या खोलीत पायाला प्लास्टर घालून पडलेला आणि हा माणूस स्टुलावर चढून वाशाला दोरी बांधतोय. आईने त्या दिवशी भाकऱ्या बाहेर अंगणात तीन दगड मांडून केल्या. बाबा जेवायला बसले तेव्हा ती ताट वाढताना म्हणाली, "पोरान आळ आपल्यावर घेतला आणि तुमी घेऊ दिलात." त्या विषयावर ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. पण चूल तिने दुसऱ्या कोपऱ्यात हलवली, आणि टायर जिथे होते तिथे नुसतेच लोंबकळत राहिले. पुढच्या शिमग्याला ते परत चढले. तात्यांनी बोटं फिरवली.

दादा काजूच्या कारखान्यात लागला, बसून करायचं काम. उशिरा लग्न झालं, दोन मुली झाल्या. मी शिक्षिका झाले, रत्नागिरीत राहिले, बाबांशी कामापुरतं बोलत राहिले. ते म्हातारे होत गेले तशी एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. आल्या-गेल्याला ते सांगायला लागले की आमच्या विलासला लहानपणी वेगाची भारी खोड, किती सांगितलं तरी ऐकत नसे, शेवटी पाय घालवून बसला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, लाज झाकण्यासाठी बोलतायत. पुढे कळलं की त्यांचा त्यावर मनापासून विश्वास बसलाय. दादाच्या सासरच्यांना सांगितलं, नातींना सांगितलं, दादाच्या समोर सांगितलं. दादा काजूचे डाग पडलेली बोटं चोळत खाली बघून ऐकायचा आणि बाबांचा चहा गार होतोय हे त्यांच्या लक्षात आणून द्यायचा. शेवटच्या आजारात त्यांचं अंथरूण, पांघरूण, सगळं त्यानेच केलं, त्याच लंगड्या पायाने. मी आठवड्यातून एकदा जाऊन यायचे आणि परत येताना वाटभर संतापाने जळत असायचे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. माझ्याने होत नाही, आणि या वयात मी ते शिकणारही नाही.

बाबांच्या बाराव्याला तात्यांचा मुलगा आला होता. तात्या बाबांच्याही आधी गेले होते. जेवणं झाल्यावर पडवीत बसून तो आपल्या मुलाला सांगत होता की हे विलासकाका, यांना तरुणपणी फार जोरात गाडी चालवायची सवय होती, म्हणून सांगतो तुला, हळू चालव. त्या मुलाने दादाच्या पायाकडे बघितलं. दादा त्याच्याकडे बघून हसला. मी उठून मागच्या अंगणात गेले. थोड्या वेळाने दादा पाय ओढत खरकटी पत्रावळ टाकायला तिकडे आला. आम्ही दोघेही साठीच्या पुढचे. मी त्याला विचारलं, दादा, त्या दिवशी तू किती जोरात होतास?

त्याने पत्रावळ खड्ड्यात टाकली, हात धुतले, धोतराला पुसले.

"जोरात कुठला," तो म्हणाला. "रस्ता निसरडा बघून दोन्ही पाय जमिनीला टेकत टेकत उतरत व्हतो. माणूस चालतो त्येच्यापेक्षा हळू." मग त्याने खड्ड्यात थोडी माती लोटली. "बाय, इतक्या वर्सात तू पयलीच इचारतेस."